ब्लॉकच्या कडेचं 'नॉर्मल' फुफ्फुस: सिंगल-सेलने कॅन्सरची सुरुवात खरंच दिसते का?

मायक्रोटोमवाली (मिरज)

नमस्कार. मी डॉक्टर नाही, संशोधकही नाही. मिरजेत एका हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सतरा वर्षं ऊतकाचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक कापतेय. प्रश्न लांबलाय. घाईत असाल तर शेवटचा परिच्छेद तेवढा वाचा.

माझी थोरली आत्या वाळवा तालुक्यात दिलेली. सासरचं गुऱ्हाळ. दिवाळी झाली की पार होळीपर्यंत चुलवाणापुढं बसून चिपाडं सारायची, आणि घरी आली की परत स्वयंपाकाची चूल. बिडी-सिगारेट सोडाच, मशेरीसुद्धा कधी लावली नाही तिनं. दोन वर्षांपूर्वी खोकला धरला. एक्स-रेत डाग दिसला म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, त्या सहा महिने चालल्या. कुठे ते लिहीत नाही. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते, एवढंच सांगते. मग सीटी, मग बायोप्सी.

बायोप्सी आमच्याकडेच आली. रजिस्टरला नाव वाचलं तेव्हा ब्लॉक दुसरीच्या हातात द्यावा असं वाटलं, पण दुसरी त्या दिवशी रजेवर. दोन कोअर (सुईनं काढलेले तुकडे), शेवईच्या तुकड्याएवढे. ब्लॉक बर्फावर गार केला, ट्रिम केला, तीन मायक्रॉनवर रिबन काढली आणि वॉटर बाथवर सोडली. पाण्यावर रिबन पसरली तशी नुसत्या डोळ्यांनीच कळलं. एका कोअरचं टोक विरळ, जाळीदार, आणि बाकी सगळा भाग भरीव. जाळीदार म्हणजे चांगलं फुफ्फुस. भरीव म्हणजे काय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

स्लाइड रंगवून झाल्यावर मॅडमच्या (आमच्या पॅथॉलॉजिस्ट) आधी मीच मायक्रोस्कोपखाली धरली. त्या जाळीदार टोकातही काळे ठिपके होते. आमच्याकडं चुलीपुढं जन्म गेलेल्या बायकांच्या फुफ्फुसात ते असतातच. रिपोर्टात 'अँथ्रॅकोटिक पिगमेंट' (काजळीचा रंग) अशी एक ओळ येते आणि विषय संपतो. खरं सांगायचं तर गाठीच्या कडेच्या त्या नॉर्मल पट्टीकडं आम्ही कधी बघतच नाही. उलट ब्लॉकमध्ये नॉर्मल जास्त आलं की कपाळावर आठी पडते, कारण ईजीएफआर (ज्याच्या बिघाडावर गोळी मिळते ते जनुक) तपासायला गाठीच्या पेशी पुरत नाहीत.

रिपोर्ट अ‍ॅडेनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार), टीटीएफ-1 (फुफ्फुसाच्या पेशींची खूण) पॉझिटिव्ह, ईजीएफआरमध्ये एक्झॉन 19 चं डिलीशन, म्हणजे जनुकाचा एक तुकडा गळालेला. गोळी सुरू झाली. अकरा महिने बाई खडखडीत, भुईमूग काढायला गेली होती. आता परत वाढलंय.

मागच्या आठवड्यात आमच्याकडं पाहुणे डॉक्टर व्याख्यानाला आले होते. पडद्यावर रंगीत ठिपक्यांचे पुंजके दाखवले, रंगपंचमीला भिंतीवर उडालेले असतात तसे. म्हणाले, एकेका पेशीचं सिक्वेन्सिंग, म्हणजे आतल्या जनुकांचं वाचन ('सिंगल-सेल'), करून कॅन्सर कसा घडत जातो ते आता समजतंय. मी मागं दाराशी उभी होते, विचारायचं राहिलं. म्हणून इथं विचारते. एकेक पेशी तर मी रोजच स्लाइडवर बघते, मग यात जास्तीचं काय दिसतं? हे आमच्या मेणाच्या ब्लॉकवर होतं का? कॅन्सर पहिल्यांदा कुठल्या पेशीत आणि कसा सुरू झाला, ते यातून खरंच कळतं का? आणि गोळीनं एवढं सगळं मेल्यावर जे उरतं, ते कुठं दडून बसतं?

---

बेदाणा_तासगाव

ताई, आत्यांना आराम पडो. उत्तर माझ्याजवळ नाही, पण प्रश्न आहे. आमच्याकडं बेदाण्याला रंग यायला गंधकाची धुरी देतात. शेडमधून बाहेर आलं की अर्धा तास खोकला. त्यानंही असलं काही होतं का? जाणकारांनी जाता जाता सांगावं.

---

कृष्णाकाठचा (मूळचा सांगली, सध्या पुणे)

ताई, मी हेच काम करतो, म्हणजे ऊतकातून पेशी सुट्या करून सिक्वेन्सिंगला देईपर्यंतचं. त्यापुढचं गणित दुसऱ्यांचं, ते इथं आले तर माझ्या चुका काढतीलच.

तुम्ही पेशी बघता म्हणजे तिचा चेहरा बघता. एच अँड ई या नेहमीच्या रंगावर आकार, केंद्रक, मांडणी. टीटीएफ-1 लावलात की एका प्रथिनाबद्दल हो की नाही. माणसाच्या पेशीत प्रथिनं बनवणारी साधारण 20,000 जनुकं असतात. त्यातली या घडीला कुठली चालू आहेत आणि किती जोरात, ते चेहऱ्यावरून कळत नाही. शेजारीशेजारी बसलेल्या दोन पेशी तुमच्या स्लाइडवर जुळ्या दिसतील, पण एक आपलं रोजचं काम करत असेल आणि दुसरी भलत्याच उद्योगाला लागलेली असेल.

हे आधी मोजत नव्हते का? मोजत होते, पण सगळं एकत्र वाटून. माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. सौद्याला व्यापारी पोत्यात हात घालून हळकुंड काढतो आणि कटकन मोडून आतला रंग बघतो. कुणी आधी पोतं दळून आणलं आणि म्हणालं घ्या, बघा रंग, तर त्याला दारात उभं करणार नाहीत. पोत्यात दहा हळकुंडं किडकी असली तरी पुडीचा रंग पिवळाच येणार. गाठीचा तुकडा वाटून त्याचा आरएनए (चालू जनुकांची नक्कल) वाचायचा म्हणजे पोतं दळणं. त्यात कॅन्सरच्या पेशी आल्या, मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) आले, टी-सेल (प्रतिकार करणाऱ्या पेशी) आल्या, रक्तवाहिन्यांचं अस्तर आलं, आणि हाताशी काय, तर सगळ्यांची सरासरी. सिंगल-सेल म्हणजे एकेक हळकुंड मोडून बघणं. एका पेशीतला आरएनए वाचायची पहिली यशस्वी खटपट 2009 साली झाली, उंदराच्या भ्रूणातल्या पेशीवर. 2015 मध्ये थेंबांची युक्ती निघाली आणि एका झटक्यात हजारो पेशी वाचता यायला लागल्या.

ती युक्ती ऐकण्यासारखी आहे. गाठ काढल्या काढल्या तुकडा बर्फावर, गार द्रावणात. (फॉर्मॅलिनचा थेंबही नको. ऑपरेशन थिएटरमध्ये सवयीनं फॉर्मॅलिनची बाटली पुढं करतात आणि आमचा दिवस वाया जातो.) कात्रीनं बारीक करायचा, कोलॅजिनेजसारख्या विकरात ठेवून पेशींमधला चिकटा सोडवायचा, गाळायचा, जिवंत किती ते मोजायचं. मग पेशी एका बारीक नळीतून आणि जेलचे मणी दुसऱ्या नळीतून येतात आणि तेलात थेंब पडत जातात. नशीब चांगलं असेल तर एका थेंबात एक पेशी, एक मणी. मण्यावर लाखो धागे, सगळ्यांवर त्या मण्याचा एकच शिक्का, म्हणजे 16 अक्षरांचा बारकोड. पेशी थेंबातच फुटते, तिचा आरएनए त्या धाग्यांना चिकटतो. पुढं सगळं एकत्र केलं तरी चालतं, कारण शिक्क्यावरून कुठला आरएनए कुठल्या पेशीचा ते लागतं. बरेचसे थेंब पेशीविना रिकामे जातात. ते मुद्दामच. पेशी दाट सोडल्या तर एका थेंबात दोन शिरतात, आणि मग यंत्राला अर्धी मॅक्रोफेज अर्धी कॅन्सर अशी एक नवीच 'पेशी' सापडते. नवखे तिच्यावर पेपर लिहायला बसतात.

आता याची दुखणी. फुफ्फुसाच्या वायुकोशाचा जवळजवळ 95 टक्के पृष्ठभाग टाइप-1 पेशींनी झाकलेला असतो. त्या पापडासारख्या पातळ, सुट्या करताना फाटतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये आरएनए मुळातच कमी, तेही नीट हाती लागत नाहीत. मॅक्रोफेज मात्र दणकट, ते पोत्यानं येतात. तेव्हा यंत्रानं दिलेलं प्रमाण आणि फुफ्फुसातलं खरं प्रमाण वेगळं. 37 अंशावर विकरात ठेवलेल्या पेशीही घाबरतात, फॉस आणि जून ही ताणाची जनुकं पेटतात. तो ताण आम्ही दिलेला असतो, आजाराचा नव्हे. तुमची स्लाइड या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. तिच्यावर जे जिथं होतं ते तिथंच असतं.

ब्लॉकचं विचारलंत. तुमचा सेक्शन तीन मायक्रॉनचा, पेशी साधारण दहा-पंधरा मायक्रॉनची. म्हणजे तुमच्या स्लाइडवर अख्खी पेशी एकही नसते, सगळ्या चकत्या. शिवाय फॉर्मॅलिन आरएनएचे तुकडे करतं, त्यांना एकमेकांत अडकवतं. त्यामुळं बरीच वर्षं ब्लॉक म्हणजे या कामाला बाद. आता बदललंय. ब्लॉकमधून 25 किंवा 50 मायक्रॉनच्या जाड वळ्या काढतात, मेण उतरवून त्यातून केंद्रकं किंवा पेशी सोडवतात, आणि आरएनए लांबलचक वाचण्याऐवजी प्रत्येक जनुकासाठी तयार केलेली छोटी प्रोब त्याला चिकटवून ती मोजतात. दुसरा मार्ग म्हणजे पेशी सोडवायच्याच नाहीत, पाच मायक्रॉनचा सेक्शन खास स्लाइडवर घ्यायचा आणि तिथल्या तिथं आरएनए मोजायचा. त्याला सुरकुती चालत नाही, बुडबुडा चालत नाही. लाखांच्या भाषेतला खर्च आणि सगळा भरवसा वॉटर बाथवरून सेक्शन उचलणाऱ्या हातावर. आमच्याकडं असे हात दोनच आहेत.

एक गैरसमज आधीच काढतो. आत्यांचं एक्झॉन 19 चं डिलीशन नेमकं कुठल्या पेशीत आहे, ते नेहमीच्या सिंगल-सेलमध्ये बहुधा दिसणार नाही. नेहमीची पद्धत आरएनएच्या शेपटीकडून जेमतेम शंभरेक अक्षरं वाचते. ईजीएफआरचं एक्झॉन 19 शेपटीपासून खूप लांब. कुठलं जनुक बोलतंय ते कळतं, पण त्याच्या बोलण्यात चूक कुठं आहे ते दरवेळी ऐकू येत नाही.

आणि आता तुमची ती जाळीदार पट्टी. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. भरीव भागात सुरुवात सापडत नाही, तिथं लग्न लागून वऱ्हाड जेवून गेलेलं असतं. 2024 मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत एक काम आलं. सुरुवातीच्या अवस्थेतल्या 16 अ‍ॅडेनोकार्सिनोमा आणि त्याच लोकांच्या नॉर्मल फुफ्फुसाचे 47 नमुने. नमुन्यांची संख्या बघा, गाठींच्या जवळजवळ तिप्पट नॉर्मल! त्यातून 2,46,102 एपिथेलियल पेशी वाचल्या. त्यांना टाइप-2 आणि टाइप-1 यांच्या मधल्या अवस्थेतल्या काही पेशी सापडल्या, त्यांच्यात केआरटी-8 हे केराटिनचं जनुक चढलेलं. टाइप-2 म्हणजे वायुकोश मिटू नये म्हणून सर्फॅक्टंट सोडणारी, आणि इजा झाली की स्वतः विभागून टाइप-1 तयार करणारी पेशी. घरातली कर्ती बाई म्हणा. तिनं दुरुस्तीला हात घातला की ती काही काळ ना धड ही ना धड ती अशी राहते. या अधल्यामधल्या पेशींपैकी काहींमध्ये केआरएएस या कॅन्सरशी जोडलेल्या जनुकाचे बदल मिळाले. उंदरांना तंबाखूतलं कॅन्सरकारक रसायन दिलं तर गाठ दिसायच्या आधीच या पेशी आल्या, आणि रसायन बंद केल्यावरही काही महिने टिकून राहिल्या.

म्हणजे तुम्ही कपाळाला आठी घालून जे नॉर्मल बाजूला सारता, तिथं दुरुस्तीला बसून उठायचं विसरलेल्या पेशी असू शकतात. एच अँड ईवर त्या ओळखू येतीलच असं नाही.

काळ्या ठिपक्यांबद्दल. ते मॅक्रोफेजनी गिळलेले कण. 2023 मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या चार्ल्स स्वँटन यांच्या गटानं पीएम 2.5 (हवेतली अतिबारीक धूळ) आणि ईजीएफआरचा कॅन्सर यांचा संबंध तपासला. उंदरांमध्ये त्यांना दिसलं ते असं की धुळीनं मॅक्रोफेज गोळा होतात, ते इंटरल्यूकिन-1 बीटा हे दाह वाढवणारं रसायन सोडतात, आणि ईजीएफआर बिघडलेल्या टाइप-2 पेशी त्यानं चेतवल्या जातात. माणसांच्या कॅन्सर नसलेल्या फुफ्फुसाचे 295 नमुने तपासले, तर 18 टक्क्यांत ईजीएफआरचे आणि 53 टक्क्यांत केआरएएसचे बदल आधीच होते. निखारा राखेखाली असतोच, धूर फुंकर घालतो. चुलीच्या धुराचा थेट प्रयोग तो नव्हता, पण तुमच्या आत्यांचं वाचल्यावर मला तोच पेपर आठवला.

उरलेल्या पेशींचं. 2020 मध्ये 'सेल' या विज्ञानपत्रिकेत 30 रुग्णांच्या 49 बायोप्सींचं काम आलं होतं, गोळीआधी, गोळी लागू असताना आणि ती निष्फळ ठरल्यावर. गोळी लागू असताना जगलेल्या कॅन्सरपेशी वायुकोश दुरुस्त करणाऱ्या पेशींसारख्या वागत होत्या. चोरानं वॉर्डबॉयचा पोशाख घालावा तसं. पुढं गोळीला दाद न देणारे बदल यांच्यातूनच उगवत असावेत असा कयास आहे.

बेदाणावाले दादा, गंधकाच्या धुरीतला सल्फर डायऑक्साइड श्वासनळी चिडवतो, दमा असेल तर हाल करतो. कॅन्सरच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तो 'वर्गीकरण करता येत नाही' या गटात ठेवलाय. शेडला आरपार हवा ठेवा आणि धुरी चालू असताना आत थांबू नका.

---

यवतेश्वर_उतार (सातारा)

चुका काढायला मी आलो. संख्याशास्त्र शिकलो, सध्या अशाच आकड्यांवर पोट भरतो, साताऱ्यात घरी बसून.

आधी किरकोळ. कृष्णाकाठच्यांनी 18 आणि 53 टक्के सांगितले ते सिंगल-सेलमधून आलेले नाहीत. ते ठरावीक जनुकांचं खूप खोल सिक्वेन्सिंग आहे. इतक्या दुर्मीळ पेशी पकडायला तेच लागतं. धाग्याचा विषय सिंगल-सेल आहे म्हणून सगळं त्याच्याच खात्यावर जमा करू नये.

दुसरं, 2,46,102 हा आकडा ऐकून दबून जाऊ नका. माणसं 16 आहेत. एका माणसाच्या पंधरा हजार पेशी म्हणजे पंधरा हजार साक्षीदार नव्हेत, एकाच घरातली माणसं ती, एकच गोष्ट सांगणार. पेशींना स्वतंत्र धरून आकडेमोड केली की हवा तो निकाल 'ठळक' निघतो. चांगले लोक आधी माणसागणिक बेरीज करतात, मग तुलना. असे पेपर तपासायला आले की मी पहिलं हेच बघतो.

आता मुख्य. मायक्रोटोमवाली ताई, तुम्ही विचारलंत 'कसा सुरू झाला'. यात काळ आहे. आणि सिंगल-सेलमध्ये काळ नसतो. पेशी वाचायची तर ती फोडावी लागते, फोडली की तिचं पुढं काय होणार होतं हा प्रश्नच संपला. हाती उरतो एक फोटो.

आमच्याकडं दरवर्षी हिल मॅरेथॉन होते. गावातून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं जायचं आणि त्याच रस्त्यानं परत. आता समजा घाटाच्या मधल्या वळणावर कुणी एकच फोटो काढला. त्यात पाचशे माणसं आहेत. कपड्यांवरून, घामावरून, दमलेल्या तोंडावरून तुम्ही त्यांना ओळीत लावू शकता. हा ताजातवाना म्हणजे आत्ता निघालेला, हा ओलाचिंब म्हणजे बराच पळालेला. पेशींच्या बाबतीत असंच करतात आणि त्याला स्यूडोटाइम म्हणतात. नावातच 'खोटा काळ' आहे, तरी लोक तो खरा धरतात. पण तो ओलाचिंब माणूस चढतोय की उतरतोय? रस्ता तोच, वळण तेच. केआरटी-8 वाली ती मधली पेशी टाइप-2 कडून कॅन्सरकडं निघालीय, की जखम भरून टाइप-1 व्हायला चाललीय? फोटोत दोन्ही एकाच जागी दिसणार.

तोंड कुणीकडं आहे ते बघायची एक युक्ती आहे. 2018 मध्ये आली, आरएनए व्हेलॉसिटी. नुकता तयार झालेला, काटछाट न झालेला आरएनए आणि तयार आरएनए यांचं प्रमाण बघून जनुक चढतंय की उतरतंय याचा अंदाज घ्यायचा. कल्पना सुंदर, पण फुफ्फुसाच्या डेटावर मी ती चालवली तेव्हा बाण उलटे आले होते, तेही दोनदा. तेव्हापासून तिच्या एकटीच्या भरवशावर मी काही बोलत नाही.

दिशा पक्की करायची तर छातीवर नंबर लावावे लागतात, म्हणजे टाइप-2 पेशींना आधीच कायमची खूण करायची आणि महिन्यांनी बघायचं की ती खूण गाठीत पोचली का. हे माणसात करता येत नाही, उंदरात येतं. त्या 2024 च्या कामात उंदरांमध्ये तशी खूण केली होती म्हणून मी ते मानतो. 2020 मध्ये 'कॅन्सर सेल' या विज्ञानपत्रिकेतही असंच एक काम होतं. केआरएएस आणि पी-53 ही जनुकं बिघडवलेले उंदीर, साध्या हायपरप्लेझियापासून (पेशींची नुसती वाढ) अ‍ॅडेनोकार्सिनोमापर्यंत टप्प्याटप्प्यानं पेशी काढल्या. मधे एक लवचीक अवस्था सापडली, जिच्यातून पेशी कुठल्याही वाटेला लागू शकतात आणि औषधालाही कमी दाद देतात. तिथं फोटो एक नव्हता, घाटातल्या सात वळणांवरचे सात होते.

माणसात काळ वाचायचा असेल तर डीएनएकडं जावं लागतं, कारण बदल साचत जातात आणि पुसले जात नाहीत. 2020 मध्ये नेचरमध्ये आलेलं काम याच कारणानं मला फार आवडतं. 16 जणांच्या श्वासनळीतून एकेक सुटी पेशी घेऊन वाढवली, अशा 632 वसाहती केल्या, प्रत्येकीचा पूर्ण जीनोम वाचला. वयाबरोबर पेशीमागं वर्षाला साधारण 22 बदल साचतात. सध्या सिगारेट ओढणाऱ्यांत सरासरी 5,300 जास्तीचे. आणि सोडलेल्यांत काय दिसलं, तर धूम्रपान न करणाऱ्यांइतक्याच स्वच्छ पेशी, चालू ओढणाऱ्यांच्या चौपट. कुठंतरी आडोशाला राहिलेल्या पेशी पुढं येऊन अस्तर भरून काढत असाव्यात. ज्यांच्या घरात कुणी ओढतं त्यांनी हे छापून भिंतीला लावा. पण ती श्वासनळी, वायुकोश नव्हे. आत्यांच्या आजाराला हे जसंच्या तसं लावू नका.

आणि ते रंगपंचमीचे पुंजके. ते चित्र हजारो मितींचं दोन मितींत दाबून बसवलेलं असतं. दोन पुंजके लांब दिसले म्हणून पेशी तितक्याच वेगळ्या असतात असं नाही. व्याख्यानात छान दिसतं, त्यावर मोजपट्टी लावू नये.

---

कृष्णाकाठचा

घाटाचा फोटो चोरला, पुढच्या सेमिनारला वापरणार. 18-53 ची चूक मान्य.

एक भर घालतो. कॅन्सरची पेशी आणि साधी पेशी वेगळी काढायला आम्ही गुणसूत्रांचे वाढलेले-गळालेले तुकडे आरएनएवरून ताडतो. वाढलेल्या गाठीत हे मस्त चालतं. पण अगदी सुरुवातीच्या पेशीत गुणसूत्रं अजून धडच असतात, तिथं ही चाळणी सगळंच 'नॉर्मल' म्हणून खाली पाडते. जिथं सर्वांत जास्त गरज, तिथंच आंधळी.

---

मायक्रोटोमवाली (मिरज)

दोघांचेही आभार. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जेवायच्या सुट्टीत मॅडमना मोठ्यानं वाचून दाखवलं. 'अख्खी पेशी एकही नसते' याला त्या खूप हसल्या. म्हणाल्या, सतरा वर्षं मी चकत्यांवर निदान करतेय म्हणजे.

आत्याची स्लाइड परत काढली. मॅडमनी ते जाळीदार टोक चाळीसच्या लेन्सवर बघितलं. वायुकोशाच्या भिंतीला काही पेशी जरा गुबगुबीत, दारावर टेकून उभ्या असल्यासारख्या. मॅडम म्हणाल्या रिॲक्टिव्ह (इजेला प्रतिसाद देणाऱ्या) असतील, गाठीच्या शेजारी असं दिसतंच, यावरून काही बोलायचं नाही. मीही बोलत नाही. पण आधी त्या दिसल्याच नव्हत्या मला.

आता कामाचं विचारते. आमच्याकडं महिन्याला एखाद-दुसरी लोबेक्टमी (ऑपरेशननं काढलेला फुफ्फुसाचा एक खण) येते. गाठ एकीकडं, चांगलं फुफ्फुस हातभर. ग्रॉसिंगला (नमुना कापताना) नॉर्मलचा एकच तुकडा घेतो, तोही गाठीच्याच कॅसेटमध्ये (ब्लॉकच्या डबीत) कोंबतो. पुढं कुणाला उपयोगी पडावं असं काही करता येईल का? आणि आत्याचा उरलेला ब्लॉक कुणा संशोधकाला देता येईल का? जेमतेम अर्धा मिलिमीटर शिल्लक असेल.

---

कृष्णाकाठचा

आत्यांचा ब्लॉक अजिबात कुणाला देऊ नका. पुन्हा वाढलंय ना, मग ट्यूमर बोर्ड (कॅन्सरच्या डॉक्टरांची बैठक) आणखी एखादी तपासणी मागू शकतं, त्यासाठी तो अर्धा मिलिमीटर सोन्यासारखा. संशोधनाला द्यायचा तर रुग्णाची लेखी संमती, संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि मॅडमची सही. ओळखीनं, हातोहात कधी नाही. 'पुण्याला माझा ओळखीचा आहे' यातला ओळखीचा मी असलो तरी नाही.

लोबेक्टमीचं मात्र जरूर करा, त्यात निदानालाही काही बाधा नाही. नॉर्मल दोन ठिकाणचं घ्या, एक गाठीला लागून आणि एक जितकं लांब मिळेल तिथलं. दोन्ही वेगळ्या कॅसेटमध्ये. गाठीपासून किती सेंटिमीटर ते ग्रॉसिंगच्या नोंदीत लिहा, नुसतं 'ॲडजसंट नॉर्मल' नको, त्याचा पुढं कुणालाच अर्थ लागत नाही. फुफ्फुसात हवा असते, तुकडा फॉर्मॅलिनवर तरंगतो आणि आतून कच्चा राहतो. शक्य असेल तर ब्राँकसमधून (श्वासनळीच्या फांदीतून) सिरिंजनं हळूच फॉर्मॅलिन सोडून फुगवून घ्या. फॉर्मॅलिनमध्ये किती वाजता पडलं आणि किती वाजता काढलं ते लिहा. रविवारभर फॉर्मॅलिनमध्ये पडून राहिलेला तुकडा आरएनएला कामाचा नसतो.

---

यवतेश्वर_उतार (सातारा)

आणि रुग्ण काय पेटवून स्वयंपाक करायचा तेही लिहून घ्या. लाकूड, गोवऱ्या, चिपाडं, गॅस, आणि किती वर्षं. केसपेपरवर 'नॉन-स्मोकर' एवढंच असतं. माझ्या टेबलावर येणाऱ्या तक्त्यांत तो रकानाच नसतो, मग मी कितीही गणित केलं तरी तुमच्या आत्या त्यात कुठं सापडणार?

---

मायक्रोटोमवाली (मिरज)

सर्जन ऐकतील का माहीत नाही, पण रिक्विझिशन फॉर्मवर 'इंधन' असा रकाना पेननं आखलाय, पन्नास झेरॉक्स काढून थिएटरच्या सिस्टरकडं दिल्यात. मॅडम हो म्हणाल्या. शुक्रवारी एक लोब येतोय, वाईकडचे पेशंट आहेत. लांबच्या नॉर्मलला पिवळी कॅसेट ठरवली, म्हणजे रॅकमध्ये लगेच दिसेल. पिवळ्या संपल्यात, स्टोअरला इंडेंट टाकलाय.